अंड्यावर बसलेला नवाब

…तर मुंजाजीनं त्या पिलांना गच्चीवर चालून दाखवायला लावलं, इथवर काल आलो होतो, तेवढ्यात लाईट गेली आणि मंडळी उठली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की पिलं म्हणजे कोंबडीची पिलं, सिल्की जातीची, आणि गच्ची म्हणजे पूर्णेच्या सिद्धोधनची. सिद्धोधन रेल्वेतून रिटायर झाला तेव्हा लोकांनी त्याला शाल दिली, नारळ दिला, आणि हैदराबादेच्या एका दोस्तानं टोपलीभर या कोंबड्या दिल्या. शाल कुठं गेली माहीत नाही, नारळाची चटणी झाली, कोंबड्या मात्र वाढत गेल्या.

सिल्की कशी असते ते ऐका. तिला पिसं नसतातच म्हणा, नुसती लव. वेचणीला आलेलं कापसाचं बोंड उकलावं आणि त्याला पाय फुटावेत तसं ध्यान. पायाला पाच बोटं, डोळ्यांवर झुलपं आलेली, आणि त्या मऊ लवेखाली कातडी मात्र तव्याच्या बुडासारखी काळी. धड उडता येत नाही, धड पळता येत नाही. मांजर आलं तर तोंड वर करून त्याच्याकडेच बघत राहते, पाहुणा आल्यासारखी.

सिद्धोधन आणि मुंजाजी चौथीपर्यंत एका शाळेत होते. त्यामुळं सिद्धोधननं त्याला आधीच मोकळेपणानं बजावलं, की या जातीत लहानपणी नर कोणता, मादी कोणती ते कुणालाच कळत नाही. पाच-सहा महिने थांब, आरवला तो नर आणि अंडं दिलं ती मादी. घाईच असेल तर चार-पाच पिलं एकदम ने, त्यात एखादा तरी नर निघेल. मुंजाजीला हे भलतंच लागलं.

“दोस्ता,” तो म्हणाला, “मी माणसांच्या जोड्या लावतो. मला कोंबडीची जोडी लावता येत न्हाई म्हणतोस का?”

मग प्लास्टिकच्या खुर्चीवर बैठक मारून, मांडीवर रुमाल टाकून त्यानं एकेक पिलू समोर आणायला लावलं. चालून दाखवायला लावलं. खाली मूठभर कण्या टाकल्या. एक पांढरं पिलू इतरांना ढकलत थेट पुढं आलं आणि मुंजाजीच्या डोळ्याला डोळा देऊन खायला लागलं. हा नर, असा निकाल झाला. एक राखी रंगाचं पिलू मान खाली घालून मागं उभं राहिलं आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या कण्या टिपायला लागलं. मुंजाजीचे डोळे निवले. अशी मुलगी लाखात एखादी, असं म्हणून त्यानं तिच्या आईची चौकशी केली. सिद्धोधन म्हणाला, हिची आई सारखी खुडूक व्हायची. खुडूक म्हणजे अंडी घालायची बंद करून अंड्यांवर ठाण मांडून बसलेली कोंबडी. मुंजाजी म्हणाला, म्हणजे लेकुरवाळी, चालेल. शिक्षण तेवढं विचारलं नाही.

सिद्धोधननं हसू दाबत दोघांना भोकं पाडलेल्या खोक्यात घातलं आणि उद्या काही कमी-जास्त झालं तर माझ्या दारात येऊ नको म्हणून हात जोडले.

आता हा मुंजाजी कोण, ते सांगायला हवं. पोखर्णी रस्त्यावर आमचं गाव आहे, तिथला हा जुना सोयरीक जुळवणारा. थोडी कोरडवाहू जमीन बटईनं लावून दिलेली, आणि स्वतः पांढरी विजार, काखेत पिशवी, पिशवीत दहा-बारा पोरांचे फोटो. आयुष्यात तो खोटं म्हणून बोलला नाही, त्यानं फक्त खऱ्याला इस्त्री केली. तहसील कचेरीसमोर एकाचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्याला मुंजाजी ‘सरकारी कामकाज बघतो’ म्हणायचा. शेजाऱ्याच्या शेतात विहीर असली की नवरदेवाची शेती बागायती व्हायची. एका नवरदेवाला त्यानं ‘स्वभावानं लय शांत’ म्हणून खपवलं. तो सासरी तीन दिवस एक शब्द बोलला नाही, आणि चौथ्या दिवशी जे बोलला ते ऐकून सासू माहेरी निघून गेली. तरी लोक मुंजाजीकडं यायचे. लग्नात त्याला फेटा असायचा, पहिल्या पंगतीत पाट असायचा, आणि एखादी सोयरीक बिनसली तर दोन्हीकडचे लोक एकमेकांना शिव्या देत, याला नाही. कसबच होतं ते.

पण अलीकडं मोबाईलवर विवाहाचे ग्रुप निघाले आणि मुंजाजीच्या ओसरीवरची वर्दळ आटली. शिवाय जमाना उलटला. आधी मुलीच्या बापाच्या चपला झिजायच्या, आता मुलाच्या बापाच्या झिजायला लागल्या. पोरी कमी, पोरं ढीगभर. मुली सरळ विचारायला लागल्या की मुलाला स्वयंपाक येतो का, बायकोचा पगार बायकोकडं राहील का. असल्या सवालांची उत्तरं मुंजाजीच्या पिशवीत नव्हती. मागच्या साली त्यानं जुळवत आणलेल्या दोन सोयरिकी ऐनवेळी मोडल्या, आणि फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलवाल्या रंगनाथनं सगळ्यांदेखत त्याला विचारलं, की आबा, आता पेन्शन कुठून मिळते या खात्यात. मुंजाजीनं त्या दिवशी अर्धा चहा तसाच ठेवला.

तेवढ्यात परभणीला एका इंजिनियरच्या बंगल्यावर स्थळाच्या कामाला गेला असताना त्यानं सोफ्यावर बसलेली सिल्की पाहिली. बंगल्यातल्या बाई तिला कंगव्यानं विंचरत होत्या. मुंजाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अशी जोडी आपल्या ओसरीवर असली तर येणाऱ्या पाहुण्यावर छाप पडेल. पिलं झाली की आपण जुळवलेल्या प्रत्येक लग्नात एक जोडी आहेर द्यायची. मोबाईलचा ग्रुप देतो का कोंबडी? हे डोक्यात घेऊन तो पूर्णेच्या गाडीत बसला होता.

घरी आल्यावर पांढऱ्याचं नाव नवाब ठेवलं आणि राखीचं बेगम. मुंजाजीची बायको कडूबाई हिनं जन्मभर गावरान कोंबड्या पाळलेल्या. तिनं दोघांना उचलून, उलटं करून, लवेत फुंकर मारून बघितलं आणि काही न बोलता खाली ठेवलं. काय म्हणतेस, असं मुंजाजीनं विचारलं. ती म्हणाली, मी काही म्हणले तर तुमी म्हणणार तुला काय कळतं, मग तेवढ्यासाठी कामून तोंड उघडू.

महिने गेले. नवाब भरला, लव झुलायला लागली, चाल ऐटबाज झाली. आरवणं मात्र नाही. गावातले सगळे कोंबडे पहाटे घसा फोडत असताना हा ओसरीवर झुलपं सावरत उभा. रंगनाथनं विचारलंच, आबा, तुमचा कोंबडा मुका हाय का?

“खानदानी हाय,” मुंजाजी म्हणाला. “ज्याच्या घरात काही न्हाई तो वरडतो. तुझ्या हॉटेलावानी.”

आणि मग बेगमनं अंडी घातली. लहान, दुधात साय मिसळावी तशा रंगाची. टोपल्यात सकाळी एक दिसायचं, दुपारी आणखी एक. मुंजाजी हरखला. बेगम दोन टायमाला अंडी देती, असं त्यानं गावभर सांगितलं.

“म्हस हाय का ती, दोन टायमाला द्यायला?” कडूबाई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

पुढं बेगम खुडूक झाली. टोपल्यात अंग पसरून बसली ती उठेना. आणि दोनच दिवसांत, ऐका बरं का, नवाबही तिच्या शेजारी टोपल्यात जाऊन बसला. अंडी पोटाखाली ओढली, डोळे मिटले, आणि हाकललं तरी चोच वर करून गुरगुरायला लागला. एखाद्या साध्या माणसाला इथंच शंका आली असती. पण मुंजाजी साधा नव्हता, जाणता होता. तो पाच मिनिटं बघत उभा राहिला, आणि एवढ्या वर्षांत पोरींनी विचारलेल्या सगळ्या सवालांचं उत्तर त्याला टोपल्यात सापडलं.

त्यानं सांगायला सुरुवात केली. हा बघा नवरा. बायको बाळंतपणात आहे तर हा सोबत बसतो. दाणा टाकला की आधी ती खाते, मग हा. आवाज चढवत नाही, अंगावर धावून जात नाही. विलायती संस्कार म्हणतात ते हे. मुंजाजी हे पोरींवर छाप पडावी म्हणून बोलत होता, पण ऐकलं गावातल्या बायकांनी. बचत गटाची मीटिंग संपली की सगळ्या जणी त्याच्या ओसरीवर. कुणी व्हिडिओ काढला, कुणी नवाबाच्या झुलपांवरून हात फिरवला. एक म्हातारी तर त्याच्यापुढं गुळाचा खडा ठेवून गेली.

आणि मग घराघरात दाणादाण उडाली. रंगनाथची बायको सरजाबाई भर हॉटेलात, चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाली:

“पाखरू आसून अंड्यावर बसायलंय ते. तुमाला चार लेकरं झाली, येकदा तरी येकाचं आंगडं वाळू घातलं का?”

गिऱ्हाइकं हसली, पण बेतानंच, कारण त्यांच्याही घरी हेच चाललं होतं. एकाला बायकोनं जेवणाचं ताट स्वतः धुवायला लावलं. एकाच्या मांडीवर तान्हं लेकरू देऊन बायको खुशाल कीर्तनाला गेली, आणि ते लेकरू घेऊन तो पारावर आला तेव्हा त्याचे दोस्त असे गप्प झाले जसं घरात कुणी गेलंय. सगळ्या पुरुषांच्या लेखी नवाब फितूर ठरला. रंगनाथ तर, या जातीचं मटण काळं असतं म्हणतात, चवीला कसं लागतं, अशी सहज चौकशी करायला लागला. मुंजाजी रात्री खुराड्याला कुलूप लावायला लागला.

पिलं काही निघेनात. तीन आठवडे झाले, चौथा सरला, दोघं आपली डोळे मिटून बसलेली. मुंजाजी म्हणाला, त्यांना हैदराबादच्या पाण्याची सवय, आणि पहिल्या साली काय सगळ्यांच्याच घरी पाळणा हलतो का. शेवटी कडूबाईनं एक अंडं उकिरड्यावर नेऊन फोडलं, तर अख्ख्या आळीनं नाकाला पदर लावला. तिनं सगळी अंडी फेकली, टोपल्यात नवं काड बसवलं आणि नवऱ्याकडं फक्त एकदा बघितलं.

पण मुंजाजीचं लक्ष कुठं होतं? त्याच्याकडं त्या सुमाराला सोयरीक चालून आली होती. आमच्याच गावचे भगवानराव, चांगले बागायतदार. त्यांची निकिता परभणीला फार्मसी शिकलेली, तिथंच दुकानात नोकरीला. तिनं मोबाईलवरच्या ग्रुपमधली पंधरा-वीस स्थळं नाकारलेली. आणि सेलूचे माणिकराव, कापसाच्या आडतीचे धनी, त्यांचा हरिओम तिशीला टेकलेला. पोरगं वाईट नाही. हिशेबाला बरं, बोलायला कमी, आणि घरात मात्र पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळालेलं. मुंजाजी भगवानरावांच्या घरी गेला, फोटो दाखवला. निकितानं फोटोकडं न बघता विचारलं:

“मुंजाजीमामा, मी दुकानातून रात्री येणार. हा घरात हातभार लावेल का?”

आणि मुंजाजीच्या तोंडून ते वाक्य गेलं. तो म्हणाला, पोरी, माझा नवाब बघितलास का? हरिओम म्हणजे दुसरा नवाबच समज.

निकितानं व्हिडिओ बघितला होता. सगळ्या तालुक्यानं बघितला होता. ती आईला घेऊन ओसरीवर आली, टोपल्याजवळ बसून कितीतरी वेळ बघत राहिली आणि उठताना म्हणाली, असा असेल तर बैठक धरा.

मुंजाजीला दोन रात्री झोप लागली नाही, आनंदानं म्हणा किंवा भीतीनं. हरिओमनं आयुष्यात कधी कपबशी विसळली नव्हती हे त्याला ठाऊक होतं. पण एकदा कुंकू लागलं की पुढचं नवरा-बायको बघून घेतात, हा त्याचा जन्माचा अनुभव. ही सोयरीक पार पडली की फाट्यावरची तोंडं बंद होणार, ओसरी पुन्हा भरणार. आणि तिसरीही मोडली तर त्याच्या पिशवीतल्या फोटोंची किंमत रद्दीची. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

बैठक त्याच्याच ओसरीवर ठरली, कारण भगवानरावांनी म्हटलं, पाहुण्यांनाही नवाब दाखवू. मुंजाजीनं ओसरी सारवून घेतली, शेजारून गाद्या आणल्या, लोड लावले. टोपलं भिंतीला बरं दिसत नव्हतं. कडूबाईला त्यानं सांगितलं, हे घाण टोपलं मागच्या दारी टाक. ती म्हणाली, त्यांची बसायची जागा हाय ती, आज हलवू नका. तो म्हणाला, आज पाहुणे बसणार आहेत, कोंबड्या नाही.

माणिकराव आले, सोबत हरिओम आणि दोन भाऊबंद. इकडून भगवानराव आणि गावातली जाणती माणसं. रंगनाथ चहा घेऊन आला तो मुद्दाम जागा धरून बसला. आतल्या दाराशी बायका, त्यांच्यात निकिता. फाल्गुन सरत आलेला, पत्र्याखाली उकाडा. माणिकरावांनी डोक्यावरची काळी केसाळ टोपी काढली आणि गादीवर, लोडाच्या आडोशाला उपडी न ठेवता उताणी ठेवली. हे ध्यानात घ्या.

बोलणं छान चाललं होतं. लग्न कुठं, मानपान किती, नोकरी पुढं चालू ठेवायची का, सगळं मुंजाजी तुपात बोट बुडवल्यासारखं सरकवत होता. नवाब आणि बेगम ओसरीभर हिंडत होते. बेगम मागच्या दारी गेली. नवाब मात्र एकदा भिंतीजवळ जाई, जिथं टोपलं असायचं तिथं बघे, परत येई, पुन्हा जाई. मुंजाजीनं पाहुण्यांना सांगितलं, तुमच्यासाठी फेऱ्या मारतोय, मोठा मानपानवाला आहे.

तेवढ्यात भगवानराव सहज बोलून गेले, की आमच्या मुलीनं हरिओमला या कोंबड्यासारखा आहे म्हणून पसंत केलं.

माणिकरावांचा चहा बशीतच राहिला. सेलूच्या आडतीत ज्यांच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या कापूस उतरतो, त्यांचा मुलगा कोंबड्यासारखा. त्यांनी मुंजाजीकडं बघितलं. मुंजाजी घाईघाईनं समजवायला लागला, की साधा कोंबडा नव्हे, खानदानी कोंबडा, अंड्यावर बसणारा. त्यानं तर आणखीच बिघडलं. माणिकराव म्हणाले, आमच्या घरात गडीमाणसं अंड्यावर बसत नाहीत. हरिओम मान खाली घालून गादीचा दोरा उसवत होता. माणिकरावांनी उठायचं ठरवलं, म्हणून टोपीला हात घातला, तर हाताला मऊ लागलं.

टोपीत नवाब बसला होता. झुलपं पुढं, डोळे अर्धे मिटलेले, अंगाची कापसाची गाठ झालेली. माणिकरावांनी हात मागं घेतला. मुंजाजी त्याला उचलायला धावला, पण नवाबानं अशी चोच मारली की तो थबकला. सगळी बैठक त्या टोपीकडं बघत राहिली. थोड्या वेळानं नवाब उठला, अंग झटकलं, टोपीतून खाली उतरला आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा मोठा आवाज काढला. आरवला नाही. अंडं घातलेली कोंबडी जसं सगळ्या गल्लीला सांगत सुटते, तसा कलकलाट करत तो ओसरीच्या पायऱ्या उतरला.

टोपीत अंडं होतं. साईच्या रंगाचं, अजून ओलसर.

मग मागून रंगनाथ इतकंच म्हणाला, “तरीच.”

आणि त्याच्या मागोमाग सगळी गडीमाणसं, तिकडची आणि इकडची, एकामागून एक म्हणाली, तरीच. किती महिन्यांचं ओझं उतरलं बिचाऱ्यांच्या डोक्यावरचं. गावात एकच धड नवरा होता, तोही बाई निघाला. ज्याच्या मांडीवर लेकरू दिलं होतं त्यानं तर डोळे पुसले म्हणतात, पण ते मी बघितलेलं नाही. आतल्या दाराशी बायकांनी हे सगळं ऐकलं. सरजाबाईनं पदर खोचला आणि नवऱ्याकडं असं बघितलं, की रंगनाथनं चहाचे रिकामे पेले गोळा करायला घेतले. कडूबाई पुढं झाली, टोपीतलं अंडं काढून पदरात घेतलं, आतून टोपी झटकली आणि माणिकरावांच्या हातात दिली. हसली नाही, हे तिचं मोठेपण.

मुंजाजी मधोमध उभा. त्याला काय वाटलं असेल ते बघा. सगळी सोयरीक त्यानं एका वाक्यावर बांधली होती, आणि ते वाक्य आत्ता कलकलाट करत उकिरड्याकडं गेलं होतं. नवाब नर, म्हणून हरिओम नवाब, म्हणून निकिताचा होकार. पहिलाच टेकू निघाला. पूर्णेच्या गच्चीवर त्यानं दोन मुली बघितल्या होत्या, एक धीट आणि एक लाजरी, आणि धीट दिसली ती पुरुषच असणार असं धरून चालला होता. हे त्याला तिथं उभ्या उभ्या उमगलं की नाही, मी सांगू शकत नाही. पण त्याची मान पहिल्यांदा ताठ नव्हती.

भगवानराव उठून त्याच्यासमोर आले. माणूस सज्जन, पण लेकीचा बाप.

“मुंजाजीभाऊ,” ते म्हणाले, “ज्याला सहा महिने घरातला कोंबडा का कोंबडी ते कळालं न्हाई, त्याच्या शब्दावर मी लेक कशी देऊ? हरिओम म्हंजे नवाब, तुमीच म्हणले हुते. आता काय म्हणता?”

लग्न पुढं झालं, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव तिकडं लटकलेला राहील आणि मुंजाजीचं उत्तर तुम्ही नीट ऐकणार नाही. झालं, आणि बरं चाललंय. हरिओम सेलूला रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात कणीक मळतो, पण खिडकी लावून, आडतीतल्या लोकांना दिसू नये म्हणून. अर्ध्या सेलूला ठाऊक आहे. मुंजाजीला त्या लग्नात फेटा मिळाला, पहिल्या पंगतीत पाट मिळाला, आणि आहेराची कोंबडी मात्र भगवानरावांनी हात जोडून नको म्हटली. सिद्धोधननं नंतर एक खरा नर पाठवला, तो पहाटे तीनपासून बोंबलतो, आणि मुंजाजी आता खानदानाचं नाव काढत नाही.

पण त्या दिवशी ओसरीवर हे काहीच ठरलेलं नव्हतं. माणिकराव टोपी हातात धरून उभे होते, डोक्यावर घालावी का नको या विचारात. हरिओमनं मान वर केली होती. निकिता दारातून एक पाऊल पुढं आली होती, आणि सबंध बैठक मुंजाजीच्या तोंडाकडं बघत होती. मुंजाजीनं उपरण्यानं तोंड पुसलं, भगवानरावांकडं बघितलं, मग सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाला:

“चुकलं भगवानराव, नवाब बाई निघाला, माझे डोळे फुटले हुते म्हणा. पर रोज अंड्यावर बसायलाय, दाणा आधी दुसऱ्याला द्यायलाय, आवाज चढवत न्हाई, हे सगळं तुमीबी इतके दिस बघितलं, तव्हा कुणी काही बोललं न्हाई, आन् अंडं दिसल्याबरूबर सगळे म्हणायलेत तरीच. ते तुमच्या बायकांनी आयकलंय, घरी गेल्यावर तुमचं तुमी निस्तरा. माझ्याकडून येवढंच घ्या, की हरिओम अंडं देणार न्हाई, ही हमी मी पोखर्णीच्या नरसिंहाची आन घिऊन देतो. अंड्यावर बसंल का न्हाई, ते मातर मला इचारू नका. पोरगं हितंच बसलंय, पोरगी हितंच उभी हाय, तिनंच त्याला सगळ्यांदेखत इचारावं.”